काठी वाकत नाही म्हणून

मासा पकडायला लागणाऱ्या वस्तू मोजायला बसलं तर तीन भरतात: काठी, दोरा आणि गळ. चौथं आमिष, पण ते माशाच्या खात्यावर. एवढ्याशा भांडवलावर माणसाने हजारो वर्षं मासे पकडले आणि पोट भरलं. पुढे पाचवी वस्तू आली, ती म्हणजे हौस. तिने आधीच्या चौघींचं काय करून ठेवलं हे पाहायचं असेल, तर रविवारी सकाळी इंग्लंडमधल्या एखाद्या कालव्याकाठी यावं.

तिथे पाण्याला तोंड करून एक गृहस्थ पेटाऱ्यावर बसलेला असतो. पेटाऱ्याला चार पाय. उताराची जमीन असेल तर प्रत्येक पाय वेगळा लांब-आखूड करता येतो. खाली पाय ठेवायला फळी, पोटात कप्पे, कप्प्यांत आणखी कप्पे. गृहस्थाच्या मांडीवर एक काळीभोर, गुळगुळीत काठी आडवी असते आणि ती कालवा ओलांडून पार पलीकडच्या झुडपापर्यंत गेलेली असते. लांबी 13 मीटर. उभी केली तर चौथ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने खिडकी लावून घ्यावी. या काठीला रीळ नाही. टोकापासून पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोटपर्यंत दोरा हातभर. म्हणजे तेरा मीटर काठी आणि तिच्या शेवटी हातभर दोरा! याला इथे पोल फिशिंग म्हणतात, आणि या गृहस्थांपैकी मी एक आहे.

मी राहतो स्लाउला. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणाऱ्या 137 मैलांच्या ग्रँड युनियन कालव्याचा एक फाटा आमच्या गावापर्यंत आला आहे. 1880च्या दशकात तो खणला, तो इथल्या भट्ट्यांमधल्या विटा लंडनला न्यायला. विटा गेल्या, भट्ट्या गेल्या, कालवा राहिला आणि त्यात रोच नावाचा मासा राहिला. रुपेरी अंग, तांबूस पर, लाल डोळे. आमच्या कालव्यातला बराचसा रोच तळहातावर मावतो. स्वभावाने संशयी. सगळा लवाजमा त्याच्यासाठी.

एवढी लांब काठी कशाला, हा प्रश्न वाटेवरचा प्रत्येक जण विचारतो. उत्तर एका वाक्याचं आहे: फ्लोट जागच्या जागी राहावा म्हणून. रिळाच्या काठीने गळ लांब फेकता येतो, पण मग तेवढा सगळा दोरा पाण्यावर पसरतो. वारा त्याला ढकलतो, वरच्या बाजूला कुणी बोटीसाठी लॉकचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या बंधाऱ्याचे, दरवाजे उघडले की कालव्याला ओढ लागते, आणि दोऱ्यामागून फ्लोट, फ्लोटमागून आमिष फरफटत निघतं. चालत्या अळीवर रोचचा विश्वास नसतो. पोलचं टोक मात्र थेट फ्लोटच्या डोक्यावर असतं. पाणी कुठेही जावो, आमिष दोन बोटं हलवायचं की मुळीच हलवायचं नाही, हे तेरा मीटर अंतरावरून हाताला ठरवता येतं.

आणि मासे नेमके पलीकडच्या काठालाच असतात. मधून बोटी जातात, अलीकडच्या वाटेवरून माणसं, कुत्री आणि सायकली जातात. शहाण्या माशाने राहावं कुठे? पलीकडच्या झुडपांखाली. पलीकडे वाट असती तर आम्ही सगळे पलीकडे जाऊन बसलो असतो, मासे अलीकडे आले असते, आणि आम्ही पुन्हा तेरा मीटर काठी काढून अलीकडे पोचवली असती. तेव्हा आहे ते ठीक आहे.

ही काठी म्हणजे कार्बन फायबरच्या पोकळ नळ्या, एकीत एक बसवलेल्या. चांगल्यातल्या चांगल्या पोलची लांबी 16 मीटर आणि वजन किलोच्या आसपास. उत्तम प्रतीच्या पोलला चार-पाच हजार पौंड पडतात. तेवढ्यात जुनी पण चालती गाडी येते, आणि गाडीवर पाय पडला तर ती तुटत नाही. पोलची नळी इतकी पातळ असते की चुकून कुणाचा बूट पडला तर आवाज येतो आणि पाठोपाठ शांतता येते. काठावरचे सगळे जण त्या शांततेत आपापल्या काठ्यांकडे बघतात. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. म्हणून कालव्यावरून विजेच्या तारा जातात तिथे मासेमारीला मनाई करणाऱ्या पाट्या असतात. तारांपासून निदान 30 मीटर लांब बसावं असा दंडक आहे. संशयी रोचच्या नादात माणसाने किती उंच पोचावं याला अशी मर्यादा आहे.

मासा लागला की काठी गुंडाळता येत नाही, कारण गुंडाळायला रीळच नाही. ती सगळीच्या सगळी मागे सरकवावी लागते. पाठीमागे दोन रोलर मांडलेले असतात, त्यांवरून तिला मागे न्यायचं, वरच्या दोन-तीन नळ्यांचा टोकाचा भाग हाताशी आला की तो सोडवून घ्यायचा आणि मासा जाळीत. ऐकायला सोपं आहे. पण पाठीमागे कालव्याची सार्वजनिक वाट असते. ज्या क्षणी रोच गळाला लागतो त्याच क्षणी लांबून सायकलची घंटा वाजते, हा निसर्गनियम असावा. मी काठी अर्ध्यात थांबवतो, सायकलवाला सायकल थांबवतो. मी म्हणतो ‘सॉरी’, तो म्हणतो ‘सॉरी’. मग ‘तुम्ही आधी’, ‘छे छे, तुम्ही आधी’. दोन सभ्य माणसांच्या या समारंभात रोच तिकडे आपल्या सोयीने निघून जातो. इंग्लंडातल्या सभ्यतेने किती मासे वाचवले आहेत याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

आता या सरंजामाच्या गाभ्याकडे येतो. कार्बनची काठी सरळ आणि कडक असते. तशी ती असावीच लागते; तेरा मीटरवर जराही ढिली काठी पाण्यात लोळेल. पण कडक काठीला थेट दोरा बांधला आणि माशाने हिसडा मारला, तर काठी ऐकणार नाही, दोराच तुटेल. रोचसाठी गळाजवळचा दोरा 0.08 मिलिमीटर जाडीचा असतो; तो किलोभर ओढही सोसेल असं नाही. म्हणून काठीच्या टोकातल्या पोकळीत एक लवचीक रबरी दोरी, इलॅस्टिक, ओवलेली असते. एक टोक आत बुचाला अडकवलेलं, दुसरं काठीच्या तोंडातून बाहेर डोकावणारं, आणि त्याला दोरा. मासा ओढतो तेव्हा काठीच्या टोकातून रंगीत इलॅस्टिक लांबत जातं, मासा दमतो तसं आत येतं. माशाला वाटतं आपण जिंकतो आहोत, आणि हे वाटण्यातच तो थकतो.

जुन्या काठीला हे करावं लागत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लंडनचे लोक ली नदीवर रोच पकडत ते वेत-बांबूच्या लांब काठ्यांनी. त्या काळात काठ्यांसाठी नावाजलेला बांबू ‘कलकत्ता केन’ या नावाने येई, म्हणजे आपल्याच देशातून बोटीने गेलेला. बांबू स्वतः वाकतो. त्याहीपूर्वी, 1653 साली आयझॅक वॉल्टनने ‘द कम्प्लीट अँग्लर’ लिहिलं तेव्हा घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरा करत. मासा फारच मोठा निघाला तर वॉल्टनचा उपाय साधा होता: काठीच पाण्यात टाकून द्यायची. मासा ती ओढत फिरून दमतो, मग सावकाश जाऊन काठी उचलायची. चार-पाच हजारांची काठी हातात असताना हा उपाय आठवतो, पण तिथपर्यंतच.

मग 1960च्या दशकात फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात कार्बन फायबर तयार करण्याची पद्धत निघाली. विमानांना हवा असलेला हलका कडकपणा यथावकाश मासेमारांच्या हातात आला. मजा अशी की आम्ही आधी पैसे देऊन काठीतला मऊपणा काढून टाकला आणि मग पुन्हा पैसे देऊन तोच मऊपणा रबराच्या रूपाने तिच्या पोटात भरला. दुकानात ताकद फारशी महाग नसते. जाड दोरा, मोठा गळ, जड शिसं, सगळं स्वस्त. महाग असतो तो नाजूकपणा. पोलवाल्याच्या पावतीवरचा बहुतेक आकडा हळुवारपणाचा असतो.

इलॅस्टिकला नंबर असतात. रोचसाठी चार-पाच, त्याहून थोराड माशांना आठ-दहा, आणि तळ्यातल्या दांडग्या कार्पला सोळा ते वीस. मासा केवढा, त्याचं तोंड केवढं नाजूक, दोरा किती बारीक, हे सगळं बघून नंबर ठरतो. फार कडक घेतलं तर ओठ फाटतो किंवा दोरा तुटतो. फार मऊ घेतलं तर मासा झुडपात शिरून तिथूनच टाटा करतो. आता हा नंबर पाण्याकाठी बदलता येत नाही, म्हणून एका पोलला तसलीच सहा-आठ टोकं लागतात, प्रत्येकात वेगळं इलॅस्टिक. म्हणजे एक काठी घ्यायची आणि तिची डोकी रावणासारखी वाढवत न्यायची. नंबरांचं आणखी एक शास्त्र आहे. इलॅस्टिकचा नंबर वाढला की इलॅस्टिक जाड होतं. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो. वीस-बावीस नंबरचा गळ खाली पडला तर त्याला तिथेच श्रद्धांजली वाहावी. वजनाच्या गोळ्यांचाही नंबर वाढला की गोळी लहान. आणि काठीचे तुकडे मोजताना एक नंबर टोकाचा. दुकानदाराशी पाच मिनिटं नुसते आकडे बोलून दोघेही तृप्त होतो. कुणी तिसरा ऐकत असेल तर त्याला आम्ही पत्त्यांवर बोलतोय असं वाटेल.

त्या गोळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. फ्लोट नेमका किती बुडावा हे दोऱ्यावर चिमटलेल्या बारीक गोळ्यांनी ठरतं. पाण्यावर फ्लोटचं तांबडं टोक जेमतेम टिंबाएवढं दिसावं, म्हणजे रोचने नुसता विचार केला तरी ते बुडतं. आठ नंबरची गोळी 0.06 ग्रॅमची असते, आणि आमच्या दृष्टीने ती जड. पूर्वी या गोळ्या शिशाच्या असत. कालव्यातले राजहंस अन्न दळायला पोटात बारीक खडे घेतात. तळातून खडे वेचताना ते सांडलेल्या गोळ्याही गिळत आणि शिशाच्या विषाने मरत. म्हणून 1987पासून 0.06 ग्रॅमहून जड आणि 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. आता टंगस्टन वगैरे वापरतात. शिसं राहिलं ते अगदी कणाएवढ्या गोळ्यांत. आज तो राजहंस ऐटीत येतो, मांडलेल्या फ्लोटवरून जातो, दोरा पायात अडकवतो, वर माझ्यावरच फुत्कारतो. मी काठी उचलून त्याला वाट देतो. त्याच्या पूर्वजांचं आम्ही थोडं देणं लागतो.

पोलच्या मासेमारीतला मोठा भाग घरी होतो. दोरा, फ्लोट, गोळ्या आणि गळ असा जोडलेला संच, रिग, आधी बांधून प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्यांवर गुंडाळून ठेवायचा असतो. डिसेंबरात चार वाजता अंधार पडला की मी दिव्याखाली चष्मा लावून बसतो. पट्टीवर बारीक अक्षरांत लिहितो: दोरा अमुक, गळ तमुक, फ्लोट 0.3 ग्रॅम. कपाटात इतक्या पट्ट्या आहेत की त्या सगळ्या वापरायला कालव्याला आणखी एक फाटा काढावा लागेल. बायको म्हणते, ‘तुम्हाला मासेमारी आवडत नाही. तुम्हाला नीट गुंडाळून ठेवलेल्या वस्तू आवडतात.’ मी वाद घालत नाही, कारण त्याच वेळी फ्रिजमध्ये अळ्या असतात.

अळ्यांचं असं आहे. ब्रिटनने दशमान पद्धत बऱ्यापैकी स्वीकारली, तरी दूध, बिअर आणि अळ्या या तीन गोष्टी अजून पिंटाने मिळतात. अळ्या थंड ठेवल्या नाहीत तर काही दिवसांत कोश होतात आणि पुढे आठवड्या-दोन आठवड्यांत माशा होऊन घरभर उडू लागतात. म्हणून फ्रिज. आमच्या फ्रिजमध्ये एका बाजूला मटारांच्या शेंगा, दुसऱ्या बाजूला डबा, डब्यावर मराठीत ‘उघडू नये’. मराठीत अशासाठी, की तो उघडण्याची शक्यता फक्त आमच्याच घरच्या माणसांकडून आहे. इथले मासेमार अळ्यांना हळदही लावतात. हळदीने मासे खेचले जातात असा त्यांचा अनुभव. मला नवल वाटलं नाही. आमच्याकडेही माशाला हळद लावतात, फक्त तेव्हा मासा तव्याजवळ असतो.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा, माझे वडील, मालवणहून राहायला आले. कर्लीच्या खाडीत गरवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचा सरंजाम एकाच कोपऱ्यात मावतो: माणग्याच्या बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, मोराच्या पिसाचा दांडा फ्लोट म्हणून, गरी म्हणजे गळ आणि आमिषाला सुंगटां, म्हणजे कोळंबी. रीळ त्यांनाही माहीत नाही. म्हणजे तत्त्वाने पाहिलं तर अण्णाही पोलवालेच.

कालव्याकाठी मी काठी जोडू लागलो, नळीत नळी, नळीत नळी. अण्णा खुर्चीवर बसून बघत राहिले. संपली असं वाटलं की मी आणखी एक नळी काढायचो. शेवटी म्हणाले, ‘केवढ्याक रे ही?’ मी किंमत निम्मी सांगितली. त्यांनी मनात रुपये केले. ‘इतक्या पैशात होडी इली असती.’

रोच लागला. इलॅस्टिक लांबलं, काठी मागे सरकली, एक सायकलवाला आणि मी एकमेकांना सॉरी म्हणालो, मासा जाळीत आला. वीतभर. मी तो अलगद सोडून दिला. इथला रिवाज तसाच आहे आणि बऱ्याच पाण्यांवर तो नियमही आहे. अण्णा म्हणाले, ‘सोडलंस? मगे धरलंस कित्याक?’ यावर इंग्लंडात कुणाकडेच समाधानकारक उत्तर नाही, तेव्हा मीही दिलं नाही.

पण नंतर ते बराच वेळ फ्लोटकडे बघत होते. कुठेतरी वर लॉक उघडलं, पाण्याला ओढ लागली, पानं वाहू लागली. फ्लोट जागचा हलला नाही. अण्णांची मान पुढे आली. ‘ह्या बरा आसा,’ ते म्हणाले. ‘आमी भरती-ओहोटीच्या मधी पाणी थांबाची वाट बघतों. तू काठी घेतलंस.’ या पोलचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही कॅटलॉगात वाचलेलं नाही. दुपारभर त्यांनी एक सुटं टोक हातात घेतलं आणि त्यातलं इलॅस्टिक दोन बोटांनी बाहेर ओढून सोडत राहिले. सट्ट करून आत जायचं. पुन्हा ओढायचे. निघताना त्यांना काय हवं विचारलं, तर स्वेटर नको, चॉकलेट नको. दहा नंबरच्या गऱ्या आणि ‘तो रबर’. मी सोळा नंबरचं इलॅस्टिक चांगलं लांब तोडून दिलं. खाडीतली तांबोशी म्हणजे जोरकस मासा.

पुढे फोनवर मी विचारलं, ‘अण्णा, रबर कसा आहे?’

‘झकास आसा.’

मला बरं वाटलं. माणग्याच्या काठीला त्यांनी तो नेमका कसा जोडला, टोकाला बांधला की काठी पोखरली, हे विचारायला लागलो.

‘काठयेक कित्याक?’ अण्णा म्हणाले. ‘काठी आपणहून वाकता. लेंग्यात घातलंय.’

तत्त्वाच्या पातळीवर मी अजूनही माघार घेतलेली नाही. अण्णांची तांबोशी काठीच्या टोकाखाली, चार पावलांवर येते; तिला बांबूचा मऊपणा पुरतो. माझा रोच कालव्यापलीकडे राहतो, आणि लांब राहणाऱ्याशी हळुवार वागायचं तर खर्च येतोच. हे सगळं मी फोनवर नीट समजावून सांगत होतो, पण तोवर अण्णांनी फोन आईकडे दिला होता. आई म्हणाली, रबर चांगला आहे, पण जरा कडक आहे. संध्याकाळपर्यंत अण्णांच्या पोटावर वळ उठतो.

सोळा नंबर कार्पचा. अण्णांची शरीरयष्टी पाहता बारा पुरेल. उद्याच टपालात टाकतो.